सतरा सुनांची माळ

सुरतेतलं नाण्यांचं संग्रहालय पाहून आलो म्हटलं की अमळनेरात जो तो विचारतो, "कसं आहे, गुरुजी?" उत्तम आहे. फरशीत तोंड दिसतं. एसी एवढा की श्रावणातही कानाला रुमाल बांधावा लागतो. शेवटी दुकान आहे, तिथे रुपयाच्या आकाराच्या किल्ल्या अडकवायच्या साखळ्या मिळतात. मी तिथे दोनदा गेलो. पहिल्यांदा तीन वर्षांपूर्वी, शाल आणि नारळ घ्यायला. दुसऱ्यांदा यंदाच्या श्रावणात, आणि त्या दिवसापासून माझं डोकं जे तापलं आहे ते अजून थंड झालेलं नाही. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आहे. मिठाचा यात काही दोष नाही.

आधी घरची हकीकत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. माझे मोठे भाऊ, आप्पा, तरुणपणीच सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला गेले आणि तिथलेच झाले. आमच्या घराण्याची कानबाई त्यांच्याकडे बसते. ज्यांना कानबाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, नारळाला डोळे आणि नथ लावून ही देवी घरात बसवतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्या प्रसादाच्या रोटासाठी गहू घेतात ते घरातल्या पुरुषांच्या नावाने, प्रत्येकाची सव्वा मूठ. मग बायकांच्या नावाने काय? आमच्या घराण्यात बायकांच्या नावाने माळ होती.

घरात आलेली प्रत्येक सून माहेराहून एक रुपया आणायची. सोनार त्याला कडी लावायचा आणि तो कानबाईच्या माळेत ओवला जायचा. सतरा सुना, सतरा रुपये. पहिले चौदा चांदीचे, राणी छाप आणि राजा छाप. माझ्या आईच्या लग्नापर्यंत चांदीचा जमाना संपला होता, म्हणून तिचा निकेलचा. इंदूवहिनीचा, म्हणजे आप्पांच्या बायकोचा, आणि माझ्या मालतीचा तर सरळ बाजारात फिरणारा रुपया. कानबाई बसायच्या दिवशी घरातली मोठी बाई एकेक रुपया दुधाने धुते आणि तो ज्या सुनेचा, तिचं नाव घेते. वर्षातून एकदा, तेवढंच.

ही माळ आम्ही तीन वर्षांपूर्वी संग्रहालयाला दिली. द्यायला लावली मी.

त्या पावसाळ्यात खाडीचं पाणी आप्पांच्या घरात गुडघाभर आलं होतं. कपाटाचा खालचा खण बुडाला. आप्पांच्या लूमचे शेठ तेव्हा नवं संग्रहालय उभारत होते, त्यांच्या कानावर माळेची गोष्ट गेली. माळ काचेत राहील, खाली तुमच्या घराण्याचं नाव लागेल, आणि दर श्रावणात एक दिवस खुशाल घरी न्या, असं शेठ तोंडाने म्हणाले. वहिनीचं मन होत नव्हतं. मी तिला वारसा, जतन, पुढच्या पिढ्या यांवर चांगलं अर्धा तासाचं व्याख्यान दिलं. कागद गुजरातीत होता, दोन पानी. गुजराती मला वाचता येतं अशी माझी समजूत, कारण स्टेशनांच्या पाट्या येतात. पहिलं पान वाचलं. दुसऱ्या पानावर नुसती मान हलवली, कारण फोटोवाला खोळंबला होता. "ठीक आहे वहिनी, करा सही," असं मी म्हणालो. हे वाक्य मी म्हणालो, दुसऱ्या कोणी नाही.

घरी आल्यावर मालतीने विचारलं होतं, "एक दिवसाचं लिहून घेतलंत ना?" मी हो हो म्हणालो. पुढच्या श्रावणाच्या आधी मालती गेली, सुतकात कानबाई बसलीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी संग्रहालयात रंगकाम चालू आहे, पुढच्या वर्षी या, असा फोनवर निरोप मिळाला. म्हणून यंदा.

शुक्रवार, पर्वत पाटिया

गाडीचं वर्णन करत नाही. सुरतेच्या अलीकडे उधन्याला उतरलो, रिक्षावाल्याने पर्वत पाटियाला, आप्पांच्या भागात, नेतो म्हणून एका कापड बाजाराच्या मागच्या दारी सोडलं, आणि तिथून साड्यांच्या गठ्ठ्यांच्या हातगाड्या चुकवत मी पायी आलो. या भागात माणसाला रस्ता नसतो, गठ्ठ्याला असतो. एका हातगाडीवाल्याने मला "बाजू, काका!" असं अस्सल धुळ्याच्या सुरात म्हटलं, तेव्हा जरा बरं वाटलं.

आप्पा दारातच बसले होते. चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे दोन्ही कान गेले आहेत, म्हणून ते स्वतः ओरडून बोलतात आणि आपलं काहीच ऐकत नाहीत. "जेवन व्हयनं का?" असं त्यांनी विचारलं ते गल्लीत तीन घरांना ऐकू गेलं. वहिनी आत साडीचे सुटे धागे कापत बसली होती. शेजारी पंधरा-वीस साड्यांचा ढीग. सणाच्या दोन दिवस आधीही हे काम थांबत नाही.

जेवायला कळण्याची भाकरी, ठेचा आणि गिलक्याची भाजी. सुरतेत इतकी वर्षं काढून वहिनीच्या ठेच्यात साखरेचा कण शिरलेला नाही, याचं मला कौतुक वाटतं. गल्लीतल्या दुकानातली डाळ मात्र आता गोड लागते, आणि आमच्या माणसांनाही ती गोड लागते हे कळेनासं झालं आहे.

मे महिन्यात पुतण्याचं लग्न झालं. त्याची बायको पूजा आमच्यातलीच, पण जन्मली उधन्याला आणि शिकली गुजराती शाळेत. घरात अहिराणी, दुकानात गुजराती, फोनवर हिंदी, असं तिचं चालू असतं. तिने माहेराहून आणलेला रुपया वहिनीने देवापाशी वाटीत ठेवला होता. नवा कोरा, स्टीलचा. सोनाराने कडी लावायला नकार दिला, म्हणून पुतण्याने सचिनच्या औद्योगिक वसाहतीत, त्याच्या कारखान्यात, भोक पाडून आणलं.

जेवण झाल्यावर वहिनी माझ्यासमोर बसली. मला वाटलं, माझी तब्येत विचारेल.

"भाऊ, तुम्हीन सांगं व्हतं, दरसाल एक दिन माळ घर येई. तीन साल व्हयनात. मन्ही सूननी पहिली कानबाई शे. तिना रुप्या कसामा ओवू?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी उलट बोललो असतो. उद्या सकाळी जाऊ, माझा शब्द आहे, माळ घेऊनच येऊ, असं मी सांगितलं. आप्पांना काय ठरलं ते हातवारे करून सांगितलं तर ते खुश होऊन ओरडले, "माळ येवानी शे!" आणि मग ते सगळ्या गल्लीला कळलं.

वहिनी उठून रोटाचे गहू घ्यायला बसली. आप्पांच्या नावाने सव्वा मूठ, पुतण्याच्या नावाने सव्वा मूठ, माझ्या नावाने सव्वा मूठ.

शनिवार, नदीपलीकडे

संग्रहालय नदीच्या पलीकडच्या नव्या भागात आहे. तिकडे रस्ते रुंद, झाडं छाटलेली, आणि चालणारं माणूस औषधालाही दिसत नाही. वाटेत पूजाने लोचो खायला घातला. डाळीचा मऊ लगदा, वर तेल, शेव आणि कांदा. चव झकास, पण तेल माझ्या पांढऱ्या शर्टावर बरोबर खिशाच्या खाली सांडलं. आठवण ठेवा, त्या दिवशी मी जिथे जिथे तावातावाने बोललो तिथे तिथे हा डाग माझ्या पुढे होता.

दारावर तिकीट. आमचीच माळ बघायला आम्ही तिघांची तिकिटं काढली. वहिनीने ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती, आणि पिशवीत लाल फडकं घेतलं होतं, माळ गुंडाळून आणायला.

पहिल्या दालनात कवड्या आहेत, आणि प्लॅस्टरची माणसं. एक प्लॅस्टरचा माणूस धान्य देऊन मडकं घेतो आहे आणि दोघंही हसत आहेत. मी इतिहास शिकवला आहे, देवाणघेवाणीत दोन्ही बाजू इतक्या हसल्याचं माझ्या वाचनात नाही. दुसऱ्या दालनात सुरत बंदर, गलबतं, टांकसाळ. ते दालन खरंच सुंदर आहे. जुन्या काळी परदेशातून आलेली चांदी इथे उतरायची आणि इथेच तिचे रुपये पडायचे, हे मी पोरांना बत्तीस वर्षं सांगितलं. समोर तो साचा पाहिला तेव्हा मी क्षणभर सगळं विसरलो आणि वहिनीला समजावून सांगायला लागलो. तिने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, माळ कोठे शे?"

माळ कुठेच नव्हती. आम्ही नोटांचं दालन पाहिलं. तिथे रद्द झालेल्या नोटा काचेत होत्या. "ह्या तं मन्हा डाळना डबामा व्हत्यात," असं वहिनी म्हणाली आणि पुढे गेली. शेवटी तर मोबाईलने पैसे देण्याचं यंत्र ठेवलं आहे आणि नोटेच्या आकाराच्या चौकटीत डोकं घालून फोटो काढता येतो. तिथे एक कुटुंब आळीपाळीने डोकी घालत होतं. मला उगाचच त्यांचाही राग आला.

आम्ही परत मागे आलो. तिसरं दालन चांदीच्या रुपयांचं. भिंतीभर काचेची कपाटं, आत मखमल, मखमलीवर ओळीने रुपये, प्रत्येकावर छोटा दिवा. वहिनी एका कपाटापुढे थांबली. थांबली ती हलेचना.

"धुडीमाय," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला काही आठवलं. तिने काचेवर बोट टेकवलं आणि यंत्राची शिट्टी वाजली. पहारेकरी धावत आला. वहिनीने बोट काढलं नाही.

"हाऊ धुडीमायना रुप्या शे. जठे कडी व्हती तठे चेप शे, देखा. तो जमनामायना. राणीना तोंडवर घासेल शे." मग ती पुढच्या कपाटाकडे गेली. "हाऊ टकल्या राजाना रुप्या ठकूमायना. सोनारनी दोनदा डाग दिधा व्हता." तिचा आवाज चढला. "यास्नी माळ तोडी टाकी, भाऊ! बठ्ठी तोडी टाकी!"

मग मला दिसलं. माळ नव्हतीच, कारण माळ सोडवून टाकली होती. कड्या कापल्या होत्या, कडा घासल्या होत्या, रुपये कसल्याशा औषधाने धुऊन आरशासारखे केले होते, आणि मग राज्यांप्रमाणे लावले होते. राणीच्या रांगेत राणी छाप, मुकुट नसलेल्या टकल्या राजाच्या रांगेत त्याचे, मुकुटवाल्या राजाच्या रांगेत त्याचे. ज्या राजाचं तोंड, त्या राजाचं नाव खाली. आणि त्याखाली: शेठ परिवाराकडून भेट. आमच्या घराण्याचं नाव तिथे नव्हतं. ज्या बाईने तो रुपया माहेराहून पदरात बांधून आणला तिचं नाव असण्याचा तर प्रश्नच नव्हता.

मी चिडलो म्हणजे काय, मला समोरचं दिसेनासं झालं. मी पहारेकऱ्यावर ओरडलो. तो बिचारा बिहारचा, त्याला काय माहीत. मग मी व्यवस्थापकाला बोलवा म्हणून ओरडलो. माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा, तो त्या दिवशी तिकीट खिडकीपर्यंत गेला. पूजा मात्र गडबडली नाही. वहिनी एकेका रुपयापाशी थांबून नाव घेत होती, आणि पूजा फोनवर लिहून घेत होती: कोणतं कपाट, कितवा रुपया, कोणाचा.

व्यवस्थापकाचं ऑफिस जिन्यावर आहे. त्या जिन्याच्या भिंतीवर फोटो लावले आहेत. त्यात मी होतो. मधोमध, खांद्यावर शाल, हातात नारळ, शेठच्या शेजारी. खरं सांगतो, एक क्षण मला बरं वाटलं. एवढं सगळं होऊनही एक क्षण छाती फुगली. मग दिसलं की फोटोच्या कडेला वहिनीचा फक्त पदर आणि कोपर आलं आहे. बाकीची चौकटीत बसली नाही म्हणून कापली आहे. वहिनी माझ्या मागून चढत होती. तिने फोटो पाहिला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

व्यवस्थापक तरुण होता आणि अतिशय नम्र. त्याने आधी फुदिन्याचा चहा मागवला. सुरतेत चहात फुदिना घालतात, एरवी मला तो आवडतो. त्या दिवशी मी पेला बाजूला सारला. तो हिंदीत समजावून सांगत होता. "काका, हार की कोई कीमत नहीं होती. सिक्के की होती है. कड़ी निकाली, तो सिक्का बच गया." आपण आमच्यावर उपकार केले आहेत असंच त्याला वाटत होतं.

"माळ उद्या एक दिवस द्यायची असं ठरलं होतं," मी म्हणालो. "शेठ स्वतः बोलले होते. कागद काढा."

त्याने कागद काढला. मी हात पुढे केला, पण त्याने तो पूजाच्या हातात दिला, कारण ती जवळ बसली होती. पूजाने पहिलं पान वाचलं. दुसरं पान वाचलं. मग परत वाचलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, एक दिवसाचं कुठेच लिहिलेलं नाही. लिहिलंय, बिनशरती अने कायमी भेट. आणि वस्तूचं काय करायचं ते संस्था ठरवेल."

मी कागद मागून घेतला आणि पाहिला. बिनशरती. कायमी. दुसऱ्या पानावर, वरून चौथी ओळ. हे दोन शब्द तर पाट्या वाचणाऱ्यालाही वाचता आले असते. खाली वहिनीची सही होती, एकेक अक्षर सुटं काढलेली, आणि साक्षीदार म्हणून माझी, खाली रेघ मारलेली झोकदार सही.

मी शेठना फोन लावा म्हणालो. शेठ परदेशात होते. त्यांनी शब्द दिला होता म्हणालो, तर व्यवस्थापक म्हणाला, दिला असेल, मी तेव्हा नव्हतो. कोणावर ओरडावं ते मला कळेना. ज्याच्यावर ओरडायला हवं होतं तो तेलाच्या डागाचा शर्ट घालून माझ्याच खुर्चीत बसला होता.

वहिनीने तेवढ्यात एकच प्रश्न विचारला. "साहेब, वहां चौदा है. बाकी तीन किधर है?"

तो आठवू लागला. मग कपाटाच्या खालच्या खणातून त्याने प्लॅस्टिकची एक पिशवी काढली. आत कापलेल्या कड्या, काळा पडलेला दोरा, आणि तीन रुपये. आईचा, वहिनीचा आणि मालतीचा. ते त्यांनी लावले नव्हते, कारण असले रुपये कोणाकडेही असतात. टाकायचे राहून गेले होते, असं तो म्हणाला. हवे तर न्या.

मालतीचा रुपया मी ओळखला. कडी लावताना सोनाराकडून त्याला चरा पडला होता आणि त्यावरून ती त्याच्याशी भांडली होती. टाकायचे राहून गेले होते.

त्याने पावती लिहायला घेतली. परत केलेल्या वस्तू: किंमत नसलेली नाणी, नग तीन. पूजाने ते वाचून दाखवलं. वहिनी सहीसाठी पेन घेणार तोच थांबली.

"साहेब, नग नहीं लिखने का. नाम लिखो."

"बहेन, इसमें नाम की जगह नहीं है."

"तो बनाव."

तो हसला. मग त्याने पाहिलं की ती हसत नाही. शनिवारची दुपार, बाहेर एका शाळेची सहल आलेली, आणि ही बाई खुर्चीतून उठून ऑफिसच्या दारात खाली मांडी घालून बसली. हातात लाल फडकं. तिने आरडाओरड केली नाही, मी केली तशी. ती नुसती बसली. पोरांची रांग जिन्यावर थांबली. पहारेकऱ्याने एकदा तिच्याकडे आणि एकदा साहेबांकडे पाहिलं आणि तो जागचा हलला नाही, त्याबद्दल त्याचे आभार. मी त्याच्यावर ओरडलो होतो, त्याची माफीही इथेच मागतो.

पाच-सात मिनिटांनी व्यवस्थापकाने 'किंमत नसलेली नाणी, नग तीन' यावर रेघ मारली. पूजाने नावं सांगितली, त्याने लिहिली. पार्वताबाई. इंदूबाई. मालतीबाई. प्रत्येकीची सही लागेल, असं म्हणून त्याने वर पाहिलं. पार्वताबाई, माझी आई, वारलेली, तिच्या जागी मोठ्या सुनेने केली. इंदूबाईची इंदूबाईने केली. "मालतीबाई?" त्याने विचारलं. मी पेन घेतलं. तिच्या नावाखाली सही करताना मी सगळा कागद वाचला, दोन्ही बाजूंनी.

घरी गेलो तेव्हा आप्पा दारातच होते. "माळ उनी का?" ते ओरडले. वहिनीने फडकं उघडून तीन रुपये दाखवले. ते हळू आवाजात, इतक्या हळू की मला वाटलं दुसरंच कोणी बोललं, म्हणाले, "इतलंच?"

रविवार, परत पर्वत पाटिया

कानबाई बसली. नारळाला डोळे लागले, नथ लागली. पुरणपोळ्या, खीर, कटाची आमटी, गिलक्याची भजी. गल्लीतल्या बायका गाणी म्हणायला आल्या. गळ्यात लाल दोरा, त्यात तीन रुपये आणि चौथा पूजाचा.

रुपये धुवायची वेळ आली तेव्हा वहिनीने दुधाची वाटी घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही शिकेल शेतस. आज तुम्ही नावे ल्या."

मी सुरुवात केली. यशोदा, ही माझी आजी. पार्वताबाई, आई. इंदूबाई. मालती. मग थांबलो. बत्तीस वर्षं मी पोरांकडून राजांच्या वंशावळी घोकून घेतल्या, एक नाव चुकलं तर बाकावर उभं केलं. मला माझ्या घरातल्या सतरा बायकांपैकी चार आल्या.

पूजाने फोन काढला आणि वाचायला लागली. एकेका नावाला वहिनी रिकामी बोटं दुधात बुडवत होती आणि पुसत होती, जणू हातात रुपया आहे. चौदा वेळा रिकामी. नंतर तीन रुपये. नंतर पूजाने स्वतःचं नाव घेतलं आणि चौथा.

रोट मलाही वाढला. माझ्या नावाची मूठ शुक्रवारीच पिठात गेली होती. मी खाली मान घालून खाल्ला.

जाणाऱ्यांसाठी

प्रवासवर्णनाच्या शेवटी वेळा, तिकीट, कुठे उतरावं अशी माहिती देतात. तीही देतो. सकाळी लवकर जा, दुपारी शाळांच्या सहली येतात. लोचो खाताना शर्ट सांभाळा. पहिली दोन दालनं सावकाश बघा, बंदराचं दालन चुकवू नका. मग तिसऱ्या दालनात जा.

डावीकडून दुसरं कपाट, राणी छाप रांग. पहिल्या रुपयावर वरच्या कडेला चेप आहे, ती धुडीबाई. शेजारी राणीचं तोंड घासलेलं, ती जमना. मग चिंधाबाई, मग सखू, मग भिकूबाई. एक रुपया सोडून, तो दुसऱ्या कोणाचा आहे, रुखमा आणि कोंडाबाई. पुढच्या कपाटात टकल्या राजा, तिथे दोन डागांची खूण असलेला ठकूबाईचा, त्याच्याखाली काशीचा. शेवटचं कपाट मुकुटवाल्या राजाचं. त्यात वरच्या ओळीत द्वारका, सोनाई, अनसूया. खालच्या ओळीत वेणू. आणि कोपऱ्यात, दिवा नीट पडत नाही तिथे, माझी आजी यशोदा. ती तेरा वर्षांची असताना तो रुपया पदराच्या गाठीत बांधून पारोळ्याहून बैलगाडीने आली होती, असं वहिनीने मला परतीच्या रिक्षात सांगितलं. मला ते माहीत नव्हतं.

खालच्या पाट्यांवर राजांची नावं आहेत, ती वाचू नका. काचेला हात लावू नका, शिट्टी वाजते. पण प्रत्येकीपुढे थोडं थांबा आणि तिचं नाव मोठ्याने घ्या. पहारेकऱ्याने विचारलं तर सांगा, इंदूबाईने पाठवलं आहे.